सेटल्ड

मिरजेत, दवाखान्यांच्या रांगेत, जिन्याखालच्या लॅबमध्ये
सोळा वर्षं मी लोकांचे आकडे छापते.
साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन.
उजवीकडे नॉर्मल किती ते,
आणि आकडा बाहेर गेला की शेजारी एक चांदणी.
"बरं हाय न्हवं?" विचारतात, बाही खाली करत.
मी म्हणते, डॉक्टरांना दाखवा.
मला कळलेलं असतं. तरी म्हणते.

विश्रामबागेच्या शाखेत त्या दिवशी
आरगे मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
सहाशे बेचाळीस.
तीनशे ते नऊशेच्या मध्ये कुठंतरी मी.
चांदणी नव्हती, पण मला दिसली.
"साडेसातशे असता तर व्याजही उतरलं असतं,"
त्या म्हणाल्या. आणि मग, जरा हळू,
"यांचं तर..."

यांचं, म्हणजे भरतेशचं, उणे एक.

गणपती पेठेत काटे दुरुस्त करतो भरतेश.
हळदीचे काटे, गुळाचे, बेदाण्याचे,
अर्ध्या पेठेचं खरंखोटं त्याच्या पेचकसाखालून जातं.
गाडी रोख, फ्रीज रोख, लग्नाचा मांडवसुद्धा रोख.
"कर्जच नाही, म्हणून इतिहास नाही,"
मॅडम समजावत होत्या,
"वाईट नाही हो. माहीतच नाही."
तो त्या उण्याकडे बराच वेळ बघत राहिला,
मग धंद्यातलंच बोलला:
"रिकामं पारडं उणे दाखवतंय.
काटा शून्यावर आणलेला नाही यांनी."

माझ्या रिपोर्टात मात्र इतिहास होता, चार पानं.
तिसऱ्या पानावर एक मोटारसायकल
जी मी कधी चालवली नाही.
शीतलची. माझा चुलतभाऊ.
आमच्यात पुरुषांचंही नाव शीतल असतं,
हे मॅडमना सांगावं लागलं नाही, त्या इथल्याच.
जामीन म्हणून सही मी काउंटरवरच केली होती,
हातमोजा काढून, नळ्या बाजूला सारून. दोन मिनिटं.
मग त्या साली पाणी आलं, त्याचं दुकान बुडालं,
हप्ते तुंबले,
आणि शेवटी कंपनीनं कमी पैशात मिटवलं.
काकूंनी पेढे दिले होते:
"सुटलं गं बाई एकदाचं. सेटल झालं."

तोच शब्द इथं पानावर.
सेटल्ड.
"हा बरा नाही," मॅडम म्हणाल्या, "क्लोज्ड हवा."
मला हसूच आलं.
प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकलेला शब्द,
थोरला सेटल, धाकटा होतोय, तुमची कधी?
आणि त्याचा अर्थ एवढाच निघाला
की कुणीतरी थोडं कमी घेऊन नाद सोडला.
पाणी किती फूट आलं होतं
याला रकाना नव्हता.

शीतलला फोन केला. तो काही बोलला नाही.
शनिवारी आला, मेडिकलच्या कॅरीबॅगेत अकरा हजार.
बारा आम्ही घातले.
पत्र मिळालं, गोल शिक्क्याचं.
"दीड महिन्यानं परत तपासू," मॅडम म्हणाल्या.
"उपाशीपोटी यायचं का?" मी विचारलं.
त्यांना कळलं नाही.

आणि भरतेशनं, खिशात पैसे असताना,
हप्त्यावर मिक्सर आणला.
महिना अकराशे चाळीस.
दुकानदारानं तीनदा विचारलं, रोख नको का नेहमीसारखं?
चार तारखेच्या रात्री त्याला झोप नाही.
पहाटे उठून बघितलं तर ओट्याशी उभा,
मोबाईल मिक्सरवर ठेवलेला, वजन करत असल्यासारखा.
सकाळी पावणेनऊला मेसेज आला, कापले.
"मग," तो म्हणाला, "आता मी आहे का गं?"

रिपोर्ट आल्यावर सांगते, म्हटलं,
आणि भांड्यात शेंगदाणे टाकले.